दहाचं नाणं आणि शर्टाचं बटण: कमी पैशांत कॅमेरा घेताना

खिशातून दहा रुपयांचं नाणं काढा आणि अंगातल्या शर्टाच्या बटणाशेजारी धरा. नाण्याचा व्यास २७ मिलिमीटर, बटणाचा साधारण १०. दुकानाच्या काउंटरवर ठेवलेल्या दोन लेन्स वरून सारख्याच काळ्या दिसतात, पण संध्याकाळच्या अंधुक उजेडात त्यांतली एक नाण्याएवढी उघडते आणि दुसरी बटणाएवढीच. पैसे मोजके असतील तर हा फरक सगळ्यांत आधी समजून घ्यावा.

हे सगळं मी पहिल्यांदा नीट कागदावर मांडलं ते भाचीसाठी. ती साताऱ्यात बी.एस्सी. करते, विषय वनस्पतिशास्त्र. शिकवण्या घेऊन तिनं ३० हजार रुपये साठवले होते. मे महिन्यात एक दिवस मोबाईलवर बारा कॅमेऱ्यांची यादी घेऊन आली. यादी मेगापिक्सलच्या उतरत्या क्रमानं लावलेली.

"मामा, यातला कुठला घेऊ?"

"फोटो कशाचे काढणार? आणि तिथं उजेड किती असणार?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तयार होतं: कासची फुलं, गावी चुलीपुढं बसलेली आजी आणि पालची खंडोबाची यात्रा. दुसऱ्याचा तिनं विचारच केला नव्हता. निवड मात्र तिथूनच सुरू होते, कारण फोटो म्हणजे गोळा केलेला उजेड. कॅमेऱ्याचे पैसे मोजतो तेव्हा आपण उजेड गोळा करायची ताकद विकत घेत असतो.

परात आणि तांब्या

कौलारू घर गळायला लागलं की आपण खाली भांडी मांडतो. अंगणात शेजारी शेजारी एक परात आणि एक तांब्या ठेवला, तर पाऊस तोच, वेळही तेवढाच, पण परातीत पाणी कितीतरी जास्त पडतं. कॅमेऱ्याच्या आत जिथं उजेड पडतो त्या पट्टीला सेन्सर म्हणतात. तो या परातीसारखा. जेवढं त्याचं क्षेत्रफळ जास्त, तेवढा त्यावर एका क्षणात पडणारा उजेड जास्त.

खिशात मावणाऱ्या साध्या कॅमेऱ्यांत आणि लांबलचक झूमच्या स्वस्त कॅमेऱ्यांत सेन्सर साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा असतो. करंगळीच्या नखाहून लहान. लेन्स बदलता येणाऱ्या बहुतेक परवडणाऱ्या कॅमेऱ्यांत एपीएस-सी नावाच्या मापाचा सेन्सर असतो. निकॉन आणि सोनीत तो २३.५ बाय १५.६ मिलिमीटरच्या आसपास, कॅननमध्ये थोडा लहान, २२.३ बाय १४.९. गुणाकार करून बघा. नखाएवढ्या सेन्सरपेक्षा निकॉनचा सेन्सर सुमारे १३ पट मोठा भरतो. १३ पट! त्याहून मोठा फुल फ्रेम, ३६ बाय २४, म्हणजे जुन्या रोलच्या निगेटिव्हएवढा. पण तो चांगल्या लेन्ससकट ३० हजारांत बसवायला जाऊ नये. आपल्या कामाला एपीएस-सी पुरतो.

उजेड कमी पडला की कॅमेरा काय करतो? मिळालेला सिग्नल वाढवतो. त्या आकड्याला आयएसओ म्हणतात. गावच्या देवळातल्या जुन्या कर्ण्याचा आवाज वाढवला की भजनाबरोबर खरखरही वाढते, तसंच हे. फोटोतली खरखर म्हणजे गालावर, भिंतीवर, केसांवर दिसणारे रंगीत ठिपके. मोठ्या सेन्सरवर मुळातच उजेड जास्त पडलेला असतो, त्यामुळे त्याच आयएसओला त्याची खरखर कमी दिसते.

मेगापिक्सल म्हणजे त्या पट्टीवरच्या ठिपक्यांची मोजणी; एक मेगापिक्सल म्हणजे दहा लाख ठिपके. कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ साली पहिला डिजिटल कॅमेरा बनवला, त्यात १०० बाय १००, म्हणजे फक्त १० हजार ठिपके होते आणि एक फोटो कॅसेटवर उतरवायला २३ सेकंद लागायचे. तिथून पुढं अनेक वर्षं ठिपके वाढवणं खरंच गरजेचं होतं. आता नाही. स्टुडिओत ४ बाय ६ इंचाची प्रिंट काढायची तर इंचाला ३०० ठिपक्यांच्या हिशोबानं १८०० बाय १२०० ठिपके लागतात, म्हणजे २१-२२ लाख, सव्वादोन मेगापिक्सलसुद्धा नाही. भिंतीवर लावायच्या ८ बाय १२ च्या प्रिंटला ८६ लाख. १८ मेगापिक्सलचा बारा वर्षं जुना कॅमेरा १७ बाय साडेअकरा इंचाची प्रिंट त्याच बारकाईनं देतो. घरातल्या किती फोटोंची प्रिंट त्याहून मोठी काढली, आठवून बघा.

हा आकडा बघून मी स्वतः फसलोय. २०१० साली १४ मेगापिक्सलचा खिशात मावणारा कॅमेरा घेतला. दुकानात त्याच्या शेजारी ठेवलेल्या १० मेगापिक्सलच्या कॅमेऱ्यापेक्षा तो साहजिकच चांगला असणार, असं धरून चाललो. भाचीच्याच पाचव्या वाढदिवसाला औक्षणाचे तीस-चाळीस फोटो काढले. खोलीत एक ट्यूबलाइट आणि ताटात निरांजन. ज्योत तेवढी लख्ख आली आणि बाकी सगळं चिखलासारखं. त्यातल्या एका फोटोत माझे वडील तिच्या डोक्यावर अक्षता टाकताहेत. ते आता नाहीत, आणि त्या फोटोत त्यांचे डोळे दिसत नाहीत. १४ मेगापिक्सल होते, उजेड नव्हता. भाचीची यादी मी बाजूला ठेवायला लावली ती त्यामुळे.

नाण्याएवढं भोक

आता नाण्याकडं येतो. लेन्सच्या कडेवर दोन आकडे कोरलेले असतात. एक मिलिमीटरमध्ये, म्हणजे किती लांबचं किंवा किती रुंद दिसणार ते. दुसरा '१:' च्या पुढं लिहिलेला: १.८, किंवा ३.५-५.६. बोलताना त्याला एफ १.८, एफ ५.६ म्हणतात. हा दुसरा आकडा उलटा चालतो, लहान तेवढा चांगला, आणि तिथंच नवखे लोक गोंधळतात. कारण तो भागाकार आहे. ५० मिलिमीटरच्या लेन्सला १.८ नं भागलं की २८ येतात: २८ मिलिमीटरचं भोक, जवळजवळ दहाच्या नाण्याएवढं. कॅमेऱ्याबरोबर फुकटात आल्यासारखी मिळते ती १८-५५ ची किट लेन्स ५५ वर नेली की तिचा आकडा ५.६ होतो. ५५ भागिले ५.६, म्हणजे साधारण १० मिलिमीटर. शर्टाचं बटण.

एफ ५.६ पेक्षा एफ १.८ ला जवळजवळ साडेनऊ पट उजेड आत येतो. याचा खरा अर्थ आजीच्या स्वयंपाकघरात कळतो. संध्याकाळी सहा वाजता, दाराची एक फळी उघडी, चुलीत जाळ. किट लेन्सला तिथं समजा १/१० सेकंद शटर, म्हणजे सेन्सरपुढचा पडदा, उघडं ठेवावं लागतं. तेवढ्या वेळात आजीचा भाकरी थापणारा हात दोनदा हलतो आणि फोटोत हाताच्या जागी पांढुरका डाग येतो. तोच उजेड, तोच आयएसओ, पण एफ १.८ ची लेन्स लावली तर काम जवळपास १/१०० सेकंदात होतं. हात थांबल्यासारखा दिसतो, बोटांना लागलेलं पीठही दिसतं.

५० मिलिमीटर एफ १.८ ही लेन्स जवळजवळ प्रत्येक कंपनी बनवते, आणि त्या त्या कंपनीच्या सगळ्यांत स्वस्त लेन्सपैकी ती एक असते. तिला झूम नाही. जवळ हवं असेल तर चालत पुढं जायचं. एपीएस-सी कॅमेऱ्यावर ती ७५-८० मिलिमीटरच्या लेन्ससारखी अरुंद दिसते, म्हणून लहान खोलीत उंबऱ्यापर्यंत मागं सरकावं लागतं. आणि एक किंमत मोजावी लागते: पूर्ण उघडलेल्या अवस्थेत दीड मीटरवरून फोटो काढला तर जेमतेम सहा सेंटीमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. डोळ्यांवर फोकस केला तर पुढं आलेली काटवट धूसर होणार. फोकस कुठं करायचा हे मग हातानं शिकावं लागतं, आणि माझ्या मते शिकण्यासारखं तेच आहे.

म्हणून पहिला सल्ला असा की बॉडी, म्हणजे लेन्स सोडून उरलेला कॅमेरा, जुनी चालेल, काच चांगली घ्या. बॉडी दोन-तीन वर्षांत जुनी ठरते. चांगली लेन्स दहा-पंधरा वर्षं चालते आणि पुढच्या बॉडीवरही बसते.

फोन, झूम आणि आरसा

इथं कुणीही विचारेल की हे सगळं कशाला, फोन आहे की. रास्त प्रश्न आहे. फोनचा सेन्सर लहान असला तरी तो एका दाबात पाठोपाठ अनेक फोटो घेतो आणि ते एकमेकांवर बसवून खरखर पुसून टाकतो. दिवसा काढलेले, फोनवरच बघायचे, फोनवरूनच पाठवायचे फोटो असतील तर माझ्या मते कॅमेरा घेऊच नका, ३० हजार ठेवीत टाका. फोन कमी पडतो तो तीन ठिकाणी: अंधारात हलणारी वस्तू, लांबचा पक्षी, आणि मोठी प्रिंट. भाचीच्या तीनपैकी एक इच्छा, चुलीपुढची आजी, यात नक्की येते.

लांबच्या पक्ष्यांसाठी ८३ पट झूमचे कॅमेरे मिळतात. निकॉनचा पी९०० त्यांतला प्रसिद्ध, २०१५ चा. त्यावर २००० मिलिमीटर लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात लेन्स ३५७ मिलिमीटरची आहे. सेन्सर नखाएवढा असल्यानं दृश्य इतकं कापलं जातं की ते २००० सारखं दिसतं. मायणीच्या तलावावर भर उन्हात रोहित पक्षी बघायचे असतील, पौर्णिमेचा चंद्र टिपायचा असेल, तर हा कॅमेरा खरंच मजा देतो. पहाटेच्या धुक्यात किंवा सूर्य कलल्यावर तोच हात टेकतो, कारण सेन्सर तांब्याएवढाच आहे. पक्ष्यांचंच वेड असेल तर जुनी एपीएस-सी बॉडी आणि जुनी ५५-२५० किंवा ७०-३०० ची लेन्स हा जास्त दिवस पुरणारा मार्ग.

राहिला प्रश्न डीएसएलआर की मिररलेस. डीएसएलआरमध्ये लेन्सच्या मागं आरसा असतो. तो दृश्य वर भिंगाकडं पाठवतो आणि फोटो काढताना खटकन वर उचलला जातो. मिररलेसमध्ये आरसा नाही, सेन्सरला दिसतं तेच थेट पडद्यावर. गेल्या काही वर्षांत कंपन्यांनी नवं काम बहुतेक मिररलेसवर नेलं, आणि त्यामुळेच चांगले डीएसएलआर सेकंडहँड बाजारात उतरत्या किमतीला आलेत. आत एपीएस-सी सेन्सर त्याच मापाचा. आपल्यासारख्यांसाठी ही संधी आहे.

मिररलेस हलका, व्हिडिओला चांगला, आणि फोटो किती उजळ किंवा काळपट येणार ते आधीच दिसतं. पण बॅटरी लवकर संपते. ठरावीक चाचणीच्या आकड्यांत निकॉन डी३५०० एका चार्जमध्ये १५५० फोटो देतो, तर कॅननचा मिररलेस एम५० साधारण २३५. कास पठारावर दिवसभर फिरताना चार्जिंगला प्लग कुठून आणणार?

मॉडेलची नावं घ्यायचीच तर या बजेटमध्ये सेकंडहँड बघण्यासारखे: कॅनन ७००डी (२०१३), कॅनन २००डी (२०१७), निकॉन डी५३०० (२०१३), डी५६०० (२०१६), डी३५०० (२०१८); मिररलेस हवाच असेल तर सोनी ए६००० (२०१४). यांच्यात फोटोच्या दर्जाचा फरक तुम्हाला वाटतो त्याहून कमी आहे. फरक आहे तो सोयींत, आणि काही सोयींची कमतरता घरी आल्यावरच कळते. रील किंवा यूट्यूबसाठी बाहेरचा माइक लावायचा असेल तर डी३५०० ला माइकची जागाच नाही, ७००डी, २००डी, डी५३०० आणि डी५६०० ला आहे. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडीत फोकसची मोटर नसते. त्यामुळे कुणी जुनी ५० मिलिमीटर एफ १.८डी स्वस्तात देऊ केली तर ती बसेल, फोटोही निघेल, पण फोकस हातानं फिरवावा लागेल. या बॉड्यांना नावात एएफ-एस किंवा एएफ-पी असलेल्या निकॉन लेन्स लागतात, आणि एएफ-पी घेण्याआधी ती आपल्या मॉडेलवर चालते का ते विचारा. कॅननच्या ३०००डी मध्ये लेन्स अडकते ती कडीच प्लास्टिकची आहे, आणि फ्लॅश बसवतात तिथली मधली पिन काढून टाकलीय. २००डी मार्क २ मध्येही ती पिन नाही. दुसऱ्या कंपन्यांचे बरेच स्वस्त फ्लॅश मग पेटतच नाहीत.

भाचीसाठी ७००डी ठरला. कारण एकच: त्याचा पडदा बाहेर काढून फिरवता येतो. कासची सीतेची आसवे, दवबिंदू, गेंद ही सगळी फुलं जमिनीलगत. त्यांच्या उंचीला कॅमेरा न्यायचा तर एक तर पालथं झोपायचं, म्हणजे अंगाखाली शंभर फुलं चिरडायची, किंवा पायवाटेवर उकिडवं बसून कॅमेरा खाली धरायचा आणि पडद्यात वरून बघायचं. पठार २०१२ पासून जागतिक वारशाचा भाग आहे. तिथल्या वायतुऱ्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे, अपोनोजेटॉन सातारेन्सिस. एका फोटोसाठी तिथं आडवं व्हावं असं मला कधीच वाटलं नाही, आणि वनस्पतिशास्त्र शिकणाऱ्या मुलीला तर हे सांगावंही लागलं नाही.

टॉर्च घेऊन जा

सेकंडहँड घेताना भिडस्तपणा सोडावा. लग्नसराई आटोपली की स्टुडिओवाले जुन्या बॉड्या काढतात, तो चांगला काळ. मुंबईत बोरा बाझारची दुकानं आहेत, पण माल परत करायची वेळ आली तर चार-पाच तासांचा प्रवास. जवळपास मिळालं तर बरं. आम्ही साताऱ्यातला एक आणि कराडकडचा एक असे दोन विक्रेते गाठले. बरोबर मोबाईलचा टॉर्च, आपलं स्वतःचं मेमरी कार्ड आणि एक लॅपटॉप.

पहिल्यानं ५० मिलिमीटरची लेन्स पुढं केली. बाहेरून नवी कोरी. मी भाचीला मागचं झाकण काढायला सांगितलं आणि पुढून टॉर्च तिरका धरला. "नीट बघ, काचेवर नाही, काचेच्या आत." काही क्षण तिला काही दिसलं नाही. मग टॉर्च थोडा फिरवला आणि कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे बारीक तंतू उजळले. फंगस, म्हणजे बुरशी. आपल्याकडं आषाढ-श्रावणात कपाटातले कपडे दमट होतात, तशी लेन्सच्या आतली हवाही दमट होते आणि बुरशी काचेवरचा लेप खाते. नुसती धूळ असती तर चाललं असतं, दोन-चार कणांनी फोटोला काही होत नाही. बुरशी लागलेली लेन्स मात्र अर्ध्या किमतीत दिली तरी घेऊ नये.

दुसऱ्याकडं ७००डी होता, १८-५५ सकट. काका साधे, बोलायला मोकळे. लेन्सची झूमची कडी फिरवली तर आतून वाळू फिरल्यासारखी करकर लागली. कडीच्या रबराच्या खाचांत पिवळी भुकटी. नखानं काढून भाचीनं बोटावर घेतली, वास घेतला आणि हसली. "हळद आहे, मामा." काकांनी मान हलवली. पालच्या यात्रेत त्यांनी याच लेन्सनं वर्षानुवर्षं काम केलं होतं. पौषात तारळीकाठी खंडोबा-म्हाळसेचं लग्न लागतं, लोक मूठमूठ भंडारा उधळतात, आणि तो इतका बारीक असतो की कुठल्याही फटीतून आत जातो. त्यांच्याकडं त्याच मापाची दुसरी लेन्स होती, घरात वापरलेली. ती घेतली.

बॉडी तपासायला मला पाऊण तास लागला आणि काकांनी तो शांतपणे दिला. लेन्सचं भोक एफ २२ पर्यंत बारीक करून मोकळ्या आभाळाचा फोटो काढला. सेन्सरवर डाग असतील तर अशा फोटोत ते काळ्या ठिपक्यांसारखे उमटतात. तीन दिसले, हवेच्या फुग्यानं फुंकल्यावर एकच राहिला. मग लेन्सवर झाकण ठेवून काही सेकंदांचा पूर्ण काळा फोटो. त्यात लाल-निळे ठिपके चमकले तर ते पिक्सल खराब. फोकस प्रत्येक बिंदूवर नीट बसतो का ते पाहिलं, कार्डाच्या खाचेतल्या पिना सरळ आहेत का ते पाहिलं, बॅटरी टेबलावर ठेवून बोटानं फिरवली. फुगलेली बॅटरी भोवऱ्यासारखी फिरते, सपाट बसत नाही.

शटर किती वेळा उडालंय हे तर विचारायलाच हवं. शटर हा झिजणारा भाग आहे. निकॉन डी७२०० चं शटर दीड लाख वेळा चालवून तपासलेलं आहे असं कंपनी सांगते; स्वस्त बॉड्यांना साधारण एक लाख धरून चालावं. आता हिशोब करा: एका लग्नात अडीच हजार फोटो आणि वर्षाला चाळीस लग्नं, की एका वर्षातच लाख होतात. निकॉनच्या मूळ फोटो फाइलीत हा आकडा दडलेला असतो आणि मोफत सॉफ्टवेअर तो दाखवतं. कॅननच्या फाइलीत तो सहसा नसतो, कॅमेरा वायरनं लॅपटॉपला जोडून वाचावा लागतो. काकांचा ७००डी ३१ हजार फोटोंवर होता. दुसरा कॅमेरा म्हणून ठेवलेला.

शेवटी बॉडीखालचा सिरियल नंबर बिलाशी ताडून पाहिला. जुळत नसेल, किंवा बिलच नसेल, तर उठून यावं. चोरीचा माल असू शकतो. नव्या कॅमेऱ्यातही "इंपोर्टेड पीस आहे, तीन हजार कमी" असं कुणी म्हणालं तर भारतातली वॉरंटी आहे का, हे बिलावर लिहून मागा. एका दुकानात मी ते मागितलं नाही आणि पाच महिन्यांनी लेन्स बिघडली तेव्हा दुरुस्तीचे पूर्ण पैसे भरले. बॅग-ट्रायपॉड-कार्ड फुकट देणाऱ्या जोड्यांबद्दल एवढंच सांगतो की तो ट्रायपॉड वाऱ्यात उभा राहत नाही.

पैसे असे गेले: बॉडी आणि किट लेन्स १७,५००. बुरशी नसलेली ५० मिलिमीटर एफ १.८ नंतर आणखी एकाकडं ५,००० ला मिळाली. कार्ड, जादा बॅटरी आणि बॅग मिळून ३,३००. उरले ४,२००, आणि त्यातून फुलांचा प्रश्न सोडवायचा होता.

किट लेन्सनं अगदी जवळ जाऊनही चौकटीत सहा सेंटीमीटर रुंद जागा येते, काडेपेटीहून थोडी जास्त. नखाएवढं फूल त्यात हरवतं. अगदी जवळून फोटो घेणारी मॅक्रो लेन्स महाग. पण एक्स्टेन्शन ट्यूब नावाची पोकळ नळी मिळते, आत काच नाही, फक्त लेन्स पुढं सरकवते. ५० मिलिमीटरच्या लेन्समागं ३१ मिलिमीटरची नळी लावून जवळात जवळ फोकस केला की चौकटीत साधारण २७ मिलिमीटर रुंदी मावते. म्हणजे पुन्हा दहाचं नाणं, या वेळी पूर्ण फोटो भरून. घेताना नळीच्या दोन्ही तोंडांना सोनेरी पिना आहेत ना, ते बघायचं. पिना नसतील तर कॅमेऱ्याला लेन्सशी बोलता येत नाही, कॅननच्या लेन्सचं भोक बारीक करता येत नाही, आणि इतक्या जवळून पूर्ण उघड्या लेन्सनं फुलाची एकच पाकळी स्पष्ट येते. पिनांचा संच २,००० ला आला.

पालला जाशील तेव्हासाठी म्हणून तिला दोनच गोष्टी सांगून ठेवल्या. निघण्याआधी घरी किट लेन्स लावायची आणि परत येईपर्यंत काढायची नाही. तिथं ऊन भरपूर असतं, एफ ८ आणि १/५०० ला काम भागतं, मोठ्या भोकाची गरजच नसते. आणि जाड प्लास्टिकची पिशवी कॅमेऱ्यावर चढवून लेन्सच्या तोंडापुरतं भोक पाडायचं, रबर लावायचं, पुढं एक साधा यूव्ही फिल्टर, म्हणजे लेन्सवर चढवायची सपाट काच. फिल्टर नंतर धुता येतो.

पावसाळ्यासाठी हवाबंद डबा आणि सिलिका जेल, ७०० रुपये. चामड्याच्या किंवा कापडी बॅगेत कॅमेरा महिनोन् महिने ठेवू नये, ती ओल धरते. तांदळात तर नकोच, त्याची भुकटी कुठंही शिरते. निळं सिलिका ओल धरली की गुलाबी पडतं; तव्यावर मंद आचेवर परतलं की पुन्हा निळं होतं, फक्त तो तवा स्वयंपाकाला वापरायचा नाही. डब्यात स्वस्तातलं आर्द्रता मोजणारं घड्याळ ठेवलं तर काटा ४० ते ५० च्या मध्ये राहील असं बघावं.

जुलैत मी त्यांच्याकडं गेलो तेव्हा डबा खिडकीपासून लांब, कपाटाच्या मधल्या फळीवर होता. झाकणाला आतून कागद चिकटवला होता आणि त्यावर सिलिका परतल्याच्या तारखा लिहिल्या होत्या, एकाखाली एक, तीन झाल्या होत्या. आजीचा फोटो तिनं ८ बाय १२ मध्ये प्रिंट करून आणला होता. बोटांवरचं पीठ मोजून घ्यावं इतकं स्पष्ट, आणि डोळे दिसतात.